मांजरीचे मोर्तब

दहावीच्या वर्गात जोडशब्द शिकवताना 'शिक्कामोर्तब' हा शब्द हमखास येतो. शिक्का म्हणजे काय ते मुले लगेच सांगतात. मोर्तब म्हणजे काय असे विचारले की वर्ग शांत होतो. शब्द मूळचा अरबी, 'मुरत्तब'. रीतसर लावलेले, सिद्ध झालेले. फारसीच्या वाटेने तो आपल्या दफ्तरांत शिरला आणि मोर्तब होऊन बसला. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असते आणि मजकूर संपला की तळाशी आणखी एक लहान शिक्का. महाराजांच्या पत्रांवर त्या लहान शिक्क्यात 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. मजकुराची मर्यादा इथे संपली, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. पुढे पेशवाईच्या कागदांवर 'लेखनसीमा' असाही शिक्का दिसतो. काम तेच.

हे सगळे मी दरवर्षी सांगतो. यंदा एका मुलाने विचारले, "सर, आता असे मोर्तब कुठे असते?" सरकारी कागदावरचा गोल शिक्का सांगून मी वेळ मारून नेली. पण घरी येताना मला एक मांजर आठवली.

आमच्या मोहल्ल्यात केबल आली तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. एकच टीव्ही, त्याच्यासमोर तीन घरांची मुले. एका परदेशी वाहिनीवर 'रेमिंग्टन स्टील' नावाची गुप्तहेरांची मालिका लागायची. इंग्रजी कोणालाच कळत नव्हते. कोण कोणाच्या मागे पळतोय, कशासाठी, याचा पत्ता नसायचा. तरी आम्ही शेवटपर्यंत बसायचो, कारण नावांची पट्टी सरकून संपली की पडद्यावर एक मांजर यायची. डोक्यावर शेरलॉक होम्सची टोपी, तोंडात वाकडा पाइप. ती 'म्याँव' करायची आणि तोंडातला पाइप पडायचा. दोन-तीन सेकंदांचा खेळ. त्यावर आम्ही पोट धरून हसायचो आणि मग घरोघर पांगायचो. ही मांजर कोणाची, ती तिथे का येते, हे सांगणारे कोणी नव्हते. मालिकेतलेच एखादे पात्र असेल असे माझ्या थोरल्या भावाचे ठाम मत होते.

ती एका कंपनीचे मोर्तब होती, हे मला खूप वर्षांनी कळले.

अमेरिकेतली पद्धत अशी की कार्यक्रम दाखवणारी वाहिनी एक आणि तो बनवणारी कंपनी बहुधा वेगळी. एनबीसी, सीबीएस, एबीसी ही नावे प्रेक्षकाला पाठ असत, पण बनवणाऱ्यांना कोण ओळखणार? त्यांना जागा मिळायची ती तळाशी. सगळी नावे संपल्यावर काही सेकंद कंपनीचे चिन्ह दिसे. पुढे तोच कार्यक्रम गावोगावच्या स्थानिक केंद्रांना पुन्हा पुन्हा विकला जाई, आणि कुठेही गेला तरी हे चिन्ह शेपटासारखे त्याच्यामागे जाई. चित्रपटात सिंह, पर्वत, पृथ्वीचा गोल हे सगळे आधी येते, कारण प्रेक्षक तिकीट काढून अंधारात बसलेला असतो. टीव्हीवाल्याचा प्रेक्षक कधीही उठून जाऊ शकतो, म्हणून तिथे आधी गोष्ट आणि मग मालकाचे नाव. हा माझा अंदाज, पण मला तो पटतो.

सुरुवातीच्या चिन्हांपैकी एक तर अक्षरशः शिक्काच होते. जॅक वेब या नटाने १९५१ मध्ये 'ड्रॅगनेट' ही पोलिसांची मालिका टीव्हीवर आणली. त्याच्या कंपनीचे नाव मार्क सेव्हन. मालिका संपली की घामेजलेले दोन हात दिसत. एका हातात ठसा, दुसऱ्यात हातोडा. हातोड्याचे घाव पडत, ठसा बाजूला होई आणि धातूच्या पत्र्यावर सात हा रोमन आकडा उमटलेला असे. गंभीर, कोरडे, कामगाराच्या हाताचे चिन्ह. वर्षे गेली तरी त्याचा बाज बदलला नाही.

मांजरीचे घराणे याच्या उलट.

१९६९ साली मेरी टायलर मूर ही विनोदी अभिनेत्री आणि तिचा नवरा ग्रँट टिंकर यांनी एक कंपनी काढली. नाव तिचेच, आद्याक्षरे एमटीएम. आता ही तीन अक्षरे एमजीएमच्या शेजारी ठेवून पाहा. एमजीएम म्हणजे हॉलीवूडची जुनी, बडी पेढी. तिचा डरकाळी फोडणारा सिंह जगाला माहीत, त्याच्याभोवती फिल्मच्या पट्टीचे कडे, कड्यावर लॅटिनमध्ये 'कलेसाठी कला' असे ब्रीद. एका अक्षराच्या फरकाने नाव मिळतेजुळते होते, म्हणून नव्या कंपनीने तसेच कडे घेतले आणि सिंहाच्या जागी नारिंगी रंगाचे मांजरीचे पिल्लू बसवले. डरकाळीऐवजी बारीकसा 'म्याँव'. त्या पिल्लाचे नाव मिम्सी. कॅमेऱ्यासमोर ती काही केल्या ओरडेना, म्हणून तिच्या जांभईचे चित्रण उलटे चालवून वर आवाज चढवला असे सांगतात. खरे असेल तर तो सिंहावरचा आणखी एक विनोद झाला.

कंपनीची पहिली मालिका 'द मेरी टायलर मूर शो' सप्टेंबर १९७० मध्ये सीबीएसवर सुरू झाली. तिशीतली अविवाहित बाई, मिनियापोलिस शहरातल्या टीव्ही केंद्राच्या बातम्यांच्या खोलीत नोकरी करते. नवऱ्याची, सासरची गोष्ट नाही. मालिका साप्ताहिक, सात वर्षे चालली. सिंहाच्या जागी मांजर बसवणे हे एका बाईच्या नावाला कमी लेखणे आहे, असे कोणी म्हणू शकेल. मला तसे वाटत नाही. मोठ्याच्या दारात उभे राहून, स्वतःला लहान म्हणत, त्याचीच खुर्ची ओढून घेण्यात एक निराळी ऐट असते.

टिंकरचा लौकिक लेखकांना मोकळे सोडणारा माणूस असा होता. चांगले लेखक आणायचे आणि वाहिनीच्या साहेबांना त्यांच्यापासून दूर ठेवायचे. जेम्स ब्रूक्स आणि ॲलन बर्न्स या जोडीने पहिली मालिका रचली, मग एकेक पात्र घेऊन 'रोडा', 'फिलिस', 'लू ग्रँट' अशा मालिका फुटल्या. पुढे १९८१ मध्ये पोलीस चौकीवरची 'हिल स्ट्रीट ब्लूज' आली. प्रेक्षक थोडे होते, पण पहिल्याच वर्षी तिने आठ एमी पारितोषिके नेली. टिंकर त्याच वर्षी एनबीसीचा प्रमुख होऊन गेला. नवराबायकोचा संसारही त्याच सुमारास मोडला. कंपनीवर नाव बाईचे तसेच राहिले.

आणि मांजर कपडे बदलू लागली. शाळेतल्या बास्केटबॉल संघावरच्या 'द व्हाइट शॅडो'ला तिच्यासोबत बास्केटबॉल आला. 'हिल स्ट्रीट ब्लूज'च्या शेवटी ती पोलिसाची टोपी घाली. बोस्टनच्या एका जुन्या, पडक्या इस्पितळावर 'सेंट एल्सव्हेअर' ही मालिका होती, तिच्या शेवटी मांजरीच्या तोंडावर सर्जनचा मास्क. आमच्या 'रेमिंग्टन स्टील'ला होम्सची टोपी. 'न्यूहार्ट' या विनोदी मालिकेत मांजर जुनीच, पण आवाज तिचा नव्हता. मालिकेचा नायक बॉब न्यूहार्ट आपल्या कंटाळलेल्या, सपाट सुरात 'म्याँव' म्हणायचा.

याला नुसता खोडसाळपणा म्हणता येईल. पण उर्दू शिकवणाऱ्याला इथे गझलेचा मक्ता आठवल्याशिवाय राहत नाही. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस घालतो. अभंगाच्या शेवटी येणारी संतांची नाममुद्रा त्याच जातीची. बहुतेक शायर तखल्लुस सहीसारखा टाकून मोकळे होतात. मोमिन खाँ मोमिन मात्र वेगळे. मोमिन म्हणजे श्रद्धावान. ते आपले नाव मक्त्यात असे गुंफत की ते सही राहत नसे, शेराच्या अर्थातच मिसळून जाई. बुत, काबा, इश्क यांच्या गोष्टी चाललेल्या असताना मध्येच 'मोमिन' आला की तो शायरही असे आणि बिचारा श्रद्धावानही. नाव काढले तर शेर पडतो. एमटीएमवाल्यांनी आपल्या मोर्तबाचे तेच केले. टोपी काढा, ते कोणाचेही मांजर होईल. टोपीसकट ती त्या एका गोष्टीची आहे.

इतरांनीही आपापल्या परीने हे केले. गॅरी डेव्हिड गोल्डबर्गने आपल्या उबू नावाच्या कुत्र्याचा पॅरिसच्या बागेत काढलेला फोटो लावला आणि वर स्वतःच्या आवाजात त्याला बसायचा हुकूम सोडला. चक लॉरीने १९९७ पासून प्रत्येक भागाच्या शेवटी क्षणभर दिसणारा, मजकुराने गच्च भरलेला कागद ठेवला. तो वाचायचा तर व्हिडिओ थांबवावा लागे. काही वेळा वाहिनीने तो मजकूर छापू दिला नाही.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो स्टीफन कॅनेल. 'द ए-टीम' आणि अशाच मारधाडीच्या कितीतरी मालिका त्याने लिहिल्या. शेवटी तो स्वतः टंकलेखन यंत्रावर बसलेला दिसे. खटाखट काहीतरी टाइप करी, कागद फर्रकन ओढून हवेत भिरकावी, आणि तो कागद तरंगत जाऊन त्याच्या आडनावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षरात मिसळे. हे चित्रण दर काही वर्षांनी नव्याने होई. सदरा बदले, केस बदलत, मागच्या फळीवरची पारितोषिके वाढत, माणूस थोडा थोडा म्हातारा होत जाई. गंमत वाटावी असे. मात्र हा माणूस शाळेत नापास होत होत मोठा झाला होता. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे उलटीपालटी होत. त्याला डिस्लेक्सिया आहे हे तो मोठा झाल्यावर, स्वतःच्या अपत्याची तपासणी झाली तेव्हा समजले. वर्गात ज्याला लिहिता येत नाही असे ठरवले गेले, त्याने आपली मोहर म्हणून काय निवडावे? लिहीत असलेला स्वतः. बीएडला आम्हाला अध्ययन अक्षमतेवर एक प्रकरण होते. त्यातले फारसे आठवत नाही. आता मागच्या बाकावर वही लपवून बसणारे पोर दिसले की मला तो भिरकावलेला कागद आठवतो.

मांजरीकडे परत येतो, कारण तिची खरी गोष्ट राहिली आहे.

'सेंट एल्सव्हेअर' सहा वर्षे चालली. शेवटचा भाग २५ मे १९८८ रोजी दाखवला गेला. त्याचा शेवट अमेरिकेत अजून वादाचा विषय आहे. इस्पितळ बाहेरून दिसते, बर्फ पडतो आहे. मग कळते की ते इस्पितळ एका काचेच्या गोळ्यात आहे, आणि तो गोळा एका स्वमग्न मुलाच्या हातात आहे. म्हणजे सहा वर्षांचे डॉक्टर, रुग्ण, मरणे, जन्मणे, सगळे त्या मुलाच्या मनातले. लोक थक्क झाले, काही चिडले. पण त्यानंतर नावे सुरू झाली तेव्हा काळ्या पडद्यावर मिम्सी होती. नेहमीसारखी कड्यात बसलेली नव्हती. आडवी पडलेली, सलाइन लावलेली, शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र. नावे सरकत राहिली, यंत्र टिक टिक करत राहिले. शेवटचे नाव गेले आणि रेघ सपाट झाली. एक लांब सलग आवाज, आणि संपले.

मी हे पहिल्यांदा पाहिले ते यूट्यूबवर, तिशी उलटल्यावर. इस्पितळाबाहेरच्या बाकावर रात्री काढलेल्या माणसाला तो आवाज नवा नसतो. काचेच्या गोळ्याची युक्ती मला काहीशी चलाखीची वाटली. मांजरीची नाही. सहा वर्षे जिच्या तोंडावर मास्क होता, ती शेवटी खाटेवर गेली. मालिका संपली हे सांगायला कंपनीने आपली मोहरच मारून टाकली. 'मर्यादेयं विराजते' याचा याहून शब्दशः अर्थ मी पाहिलेला नाही.

खरी मिम्सीही त्याच वर्षी वारली, वयाच्या विसाव्या वर्षी. आणि त्याच वर्षी कंपनी विकली गेली. घेणारी इंग्लंडच्या दक्षिण भागातली टीव्हीएस ही टीव्ही कंपनी. किंमत ३२ कोटी डॉलर. तो सौदा तिला पेलला नाही. १९९१ मध्ये तिकडच्या परवान्यांचे वाटप झाले, त्यात टीव्हीएसचा परवाना गेला. १९९२ सरताना तिचे प्रक्षेपण थांबले. मग एमटीएम गेली धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या मंडळींनी उभ्या केलेल्या इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेनमेंटकडे. १९९७ मध्ये ती कंपनीच मरडॉक यांच्या साम्राज्यात गेली आणि एमटीएम हे नाव थोड्याच काळात बंद झाले. जुन्या मालिका फॉक्सच्या कपाटात गेल्या, आणि २०१९ मध्ये फॉक्सचे कपाट डिस्नेने घेतले. म्हणजे मांजर शेवटी उंदराच्या घरी नांदायला गेली. सिंहाचेही काही बरे झाले नाही म्हणा. तो हात बदलत बदलत २०२२ पासून ॲमेझॉनच्या दावणीला आहे.

दरम्यान मोर्तबाची जागाच आकसत गेली. १९९४ मध्ये एनबीसीने नावांची पट्टी पडद्याच्या एका बाजूला दाबायला सुरुवात केली. उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात, म्हणजे प्रेक्षकाचा हात रिमोटकडे जाऊ नये. इतरांनी तेच उचलले. आता तर नावे सुरू होताच कोपऱ्यात उलटे आकडे सुरू होतात, पाच, चार, तीन, आणि पुढचा भाग लागतो.

या ठिकाणी मला माझ्या मामूंची आठवण येते. मामू कातिब होते. संगणकाआधी उर्दू पुस्तके हाताने लिहून छापली जात, ती लिहिणारा तो कातिब. मामू पिवळ्या कागदावर बोरूने सोळा पानांचा फर्मा लिहीत, चुकले तर ब्लेडने खरवडत. पुस्तकावर लेखकाचे नाव, प्रकाशकाचे नाव. कातिबाला मिळे ती शेवटच्या पानावर डावीकडे तळाशी बोटभर जागा. तिथे मामू बारीक नस्तालीकमध्ये 'कातिब' लिहून पुढे आपले नाव घालत. त्या नावाला ते एका पानाइतका वेळ लावत असे मामानी गमतीने सांगायच्या. त्यांनी लिहिलेली नमाजची एक छोटी पुस्तिका फार खपली. पुढे एका प्रकाशकाने तिच्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर नवी आवृत्ती काढली. मजकूर मामूंच्याच हातचा, एकेक नुक्ता त्यांचा. तळाच्या बोटभर जागेवर पांढरी चिकटपट्टी लावून नाव झाकले होते. मोबदल्याचा प्रश्न नव्हता, तो पूर्वीच मिळून संपला होता. मामूंनी ती प्रत चाळली, शेवटचे पान उघडून बराच वेळ धरले आणि म्हणाले, "मुकम्मल नहीं है." अपुरी आहे. एवढेच.

दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. नव्या प्रतीत पट्टी थोडी आखूड पडली होती. 'कातिब'च्या शेवटच्या 'बे'खालचा नुक्ता बाहेर राहिला आहे.

परवा रात्री धाकट्या मुलीला मांजरीचे सगळे अवतार ओळीने दाखवले. कोणीतरी ते एकत्र जोडून ठेवले आहेत. बास्केटबॉल, पोलिसाची टोपी, मास्क, न्यूहार्टचा कंटाळलेला 'म्याँव'. शेवटी खाटेवरची मिम्सी आली आणि रेघ सपाट झाली.

"अब्बा, ये मर गई क्या?"

मी हो म्हणालो. खरी मांजरही त्याच वर्षी मेली, पण चांगली वीस वर्षे जगली, हेही सांगितले. तिने थोडा विचार केला आणि पाइपवाली पुन्हा लावायला सांगितली.